प्रेशर डोळ्याचं, बीपी दंडाचं

मागच्या अंकात काचबिंदूवर, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरत जाते त्या आजारावर लिहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक गोष्ट फिरून फिरून दिसली. डोळ्याच्या प्रेशरचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तो आत पडद्यावर जाऊन नेमकं करतो काय, हे कुणी धड सांगितलेलं नाही. ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना ते सांगणं होतही नाही. इथे मात्र जागा आहे, म्हणून या वेळी सगळी पत्रं याच विषयावरची घेतली आहेत.

प्रश्न : एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. वय 66. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर उजव्या डोळ्याचं प्रेशर 26 आणि डाव्याचं 24 निघालं. फील्ड टेस्ट (कडेचं किती दिसतं ती तपासणी) आणि नसेचा फोटो चांगला आहे म्हणाले, तरी सहा महिन्यांनी परत बोलावलंय. मला बीपी आहे, एक गोळी चालू आहे, बीपी 130/80 असतं. प्रेशर वाढलं की पडद्यावरच्या शिरा फुटतात, असं शेजारचे म्हणतात. बीपीची गोळी वाढवून घेतली तर डोळ्याचं प्रेशर उतरेल का? — ग. शं., चिपळूण

उत्तर : काका, शिरा फुटत नाहीत आणि गोळी वाढवू नका. शेजाऱ्यांनी दोन वेगळी प्रेशरं एकत्र कालवली आहेत.

दंडाला पट्टा बांधून मोजतात ते रक्ताचं प्रेशर, रक्तवाहिनीच्या आतून भिंतीवर पडणारं. डोळ्याचं प्रेशर पाण्याचं असतं. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत बनतं आणि सतत वाहून जातं. बनण्याचा वेग मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबाएवढं पाणी व्हायला वीसेक मिनिटं लागतात. बुबुळाच्या कडेला, आतल्या कोपऱ्यात बारीक चाळणी असते, तिच्यातून ते रक्तात मिसळतं. ही चाळणी तुंबली की पाणी साचतं आणि प्रेशर चढतं. 10 ते 21 ही नेहमीची पट्टी. दोन्ही प्रेशरं पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच मोजतात, घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे.

आता शिरांकडे येऊ. पडद्याच्या आतल्या थरांना रक्त आणणारी धमनी डोळ्याच्या नसेतून आत येते, तिच्या फांद्या पडद्यावर पसरतात, आणि तेच रक्त शिरांतून गोळा होऊन त्याच दारानं बाहेर जातं. पाण्यानं गच्च भरलेल्या बंद टाकीतून एक मऊ नळी आरपार गेली आहे असं समजा. टाकीतला दाब नळीला बाहेरून चेपतो. नळीच्या आतला दाब त्याहून थोडा तरी जास्त असला तरच ती उघडी राहील, नाहीतर चपटी होईल. डोळ्यातून बाहेर पडणारी मुख्य शीर नेमकी अशीच आहे. तिच्यातला दाब डोळ्याच्या प्रेशरपेक्षा जेमतेम वर असतो. भिंगातून नसेकडे पाहिलं तर बहुतेक निरोगी माणसांत ही शीर नसेच्या तोंडाशी हृदयाच्या ठोक्याबरोबर क्षणभर मिटते, पुन्हा भरते. गडद लाल रेघ, मधेच फिकी, परत गडद. इतकी वर्षं पाहतेय, तरी ती दिसली की मी दोन ठोके जास्तच थांबते.

धमनी मात्र अशी मिटताना सहसा दिसत नाही, कारण तिच्यातला दाब बराच वरचा असतो. तीच मिटायला-उघडायला लागली तर बहुधा डोळ्याचं प्रेशर प्रचंड चढलेलं असतं. दोन ठोक्यांच्या मधे, रक्ताचा जोर खाली येतो तेव्हा, बाहेरचं प्रेशर तिला चेपून टाकतं. बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी 1850च्या दशकात काचबिंदूच्या रुग्णांमध्ये हे पाहून ठेवलं होतं. डोळ्याच्या आत डोकावायचं हेल्महोल्ट्झ यांचं उपकरण तेव्हा नुकतंच आलं होतं.

तर रक्त आत ढकलणारा जोर आणि त्याला अडवणारं डोळ्याचं प्रेशर, यांतलं जे उरेल त्यावर पडदा आणि नस जगतात. तुमचाच हिशेब करून दाखवते. 130/80 चं सरासरी बीपी साधारण 97. बसलेल्या माणसात डोळ्यापर्यंत पोचताना त्याचे दोन तृतीयांश धरतात, म्हणजे 64-65. डोळ्याचं प्रेशर 16 असतं तर हातात राहिले असते 48. तुमच्या उजव्या डोळ्यात 26 आहे, म्हणजे राहिले 38. हे दहा कमी झालेले तुम्हाला जाणवत नाहीत, कारण पडद्याच्या रक्तवाहिन्या स्वतःच रुंद होऊन रक्ताचा पुरवठा टिकवतात. ही सोय फार मोलाची आहे, पण तिला मर्यादा आहे आणि मधुमेहात ती ढिली पडते. बीपीची गोळी विनाकारण वाढवली तर वरचा 97 चा आकडा खाली येईल. डोळ्याचं प्रेशर जवळपास तिथंच राहील आणि उरणारी रक्कम आणखी घटेल. म्हणून नको म्हटलं.

काचबिंदूत नस मरते ती रक्त कमी पडून, की प्रेशरनं तंतू दाबले जाऊन, हा वाद दीडशे वर्षं चालू आहे. मला विचाराल तर दोन्ही कारणं एकाच वेळी काम करतात आणि कुणात कुठलं वरचढ हे माणसागणिक बदलतं.

फुटण्याबद्दल एक उलटी गोष्ट सांगते. खूप चढलेलं प्रेशर ऑपरेशननं एकदम खाली आलं, तर बाहेरून आधार गेल्यासारखं होऊन पडद्यावर कधीकधी रक्ताचे ठिपके उमटतात. म्हणून प्रेशर 50-60 असलेल्या डोळ्याला हात लावण्याआधी आम्ही औषधांनी ते जमेल तेवढं खाली आणतो. आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कधी लालभडक डाग येतो, सकाळी आरशात बघून घरच्यांची घाबरगुंडी उडते, त्याचा पडद्याशीही संबंध नाही आणि डोळ्याच्या प्रेशरशीही.

तुम्ही सध्या ज्या गटात आहात त्यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. प्रेशर वाढलेलं पण नस शाबूत अशी 1,600 हून अधिक माणसं त्यात होती. 2002 साली निकाल आला. पाच वर्षांत प्रेशर उतरवणारे थेंब न घालणाऱ्यांपैकी 9.5 टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांपैकी 4.4 टक्के लोकांना. म्हणजे थेंबांनी धोका निम्म्याहून खाली आला. पण थेंब न घालताही दहातल्या नऊजणांना त्या काळात काही झालं नाही, हेही तितकंच खरं. त्याच अभ्यासात कळलं की ज्यांचं बुबुळ पातळ त्यांना धोका जास्त. शिवाय जाड बुबुळावर यंत्र आकडा फुगवून दाखवतं आणि पातळ बुबुळावर कमी दाखवतं. तेव्हा सहा महिन्यांनी जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा : बुबुळाची जाडी मोजली का, आणि डोळ्याचा कोन, म्हणजे चाळणी असते तो आतला कोपरा, भिंगानं तपासला का. कोन अरुंद असेल तर सगळाच विचार बदलतो.

प्रश्न : माझं प्रेशर दोन्ही डोळ्यांत 15 आहे, तरी काचबिंदू आहे असं निदान झालं. नसेच्या कडेला रक्ताची बारीक रेघ दिसली म्हणाले. दोन महिन्यांनी ती नव्हती. मग निदान चुकलं असेल का? वय 58. बीपीच्या दोन गोळ्या आहेत, एक सकाळी, एक झोपताना. हातपाय नेहमी गार असतात. — सौ. मृ. क., नाशिक

उत्तर : मृ. ताई, निदान चुकलेलं वाटत नाही, आणि ती रेघ गेली म्हणून सुटकेचा नि:श्वासही टाकू नका.

नसेच्या काठावर, ज्योतीच्या आकाराची, केसाएवढी ही रक्ताची रेघ असते. कॅनडाचे डॉ. स्टीफन ड्रान्स यांनी तिचं महत्त्व ठासून सांगितलं, म्हणून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. काही आठवड्यांत ती विरते आणि दुखणं तर नाहीच. पुढच्या भेटीला डॉक्टरांना ती दिसली नाही तर ते साहजिक आहे. पण जिथे ती दिसली तिथे पुढे नसेचे तंतू झडण्याचा धोका जास्त असतो. आणि प्रेशर नॉर्मल असलेल्या काचबिंदूत ती जास्त वेळा सापडते. तुमच्या डॉक्टरांनी ती टिपली यात त्यांची नजर दिसते. बाहुली न वाढवता घाईघाईत पाहिलं असतं तर निसटली असती.

15 वर काचबिंदू कसा, हा तुमचा खरा प्रश्न. जपानमधल्या ताजिमी शहरात सर्वेक्षण झालं, त्यात उघड्या कोनाच्या काचबिंदूचे 92 टक्के रुग्ण 21 किंवा त्याखालच्या प्रेशरचे निघाले. आकडा नॉर्मल आहे म्हणजे तो त्या नसेला झेपतोच असं नाही. वरच्या काकांना जो वजाबाकीचा हिशेब सांगितला त्यात तुमचा दुसरा आकडा बरा आहे. पहिला, म्हणजे रक्ताचा जोर, तो रात्री काय करतो ते पाहायला हवं.

झोपेत सगळ्यांचंच बीपी उतरतं. काहींचं फार उतरतं, आणि झोपताना घेतलेली गोळी त्यात भर घालते. उलट आडवं झाल्यावर डोळ्याचं प्रेशर दोन-चारांनी चढतं. दिवसा 130/80 दिसणारी बाई पहाटे तीनला 92/48 वर असू शकते, आणि डोळ्याचं प्रेशर 18. बीपीच्या खालच्या आकड्यातून, 48 मधून, ते वजा केलं तर उरले 30. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत ही वजाबाकी 30 च्या खाली गेलेल्यांत काचबिंदू सहापट आढळला होता. पंजाबात जन्मलेले आणि पुढे आयोवा विद्यापीठात आयुष्य काढलेले डॉ. सोहनसिंग हयरे यांनी रात्री उतरणाऱ्या बीपीचा आणि डोळ्याच्या नसेचा संबंध 1990च्या दशकातच मांडला होता. अजूनही कित्येक प्रिस्क्रिप्शनांवर ‘रात्री झोपताना’ असं सवयीनं लिहिलं जातं.

गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. पक्षाघात झाला तर डोळे कुणासाठी वाचवले म्हणाल. तुमच्या फिजिशियनना सांगा की मला काचबिंदू आहे, रात्रीची गोळी सकाळी किंवा संध्याकाळी लवकर घेता येईल का. 24 तास दंडाला लावून ठेवायचं बीपीचं यंत्र मिळतं. ते एकदा लावून घ्या आणि तो कागद दोन्ही डॉक्टरांना दाखवा. नाशिकमध्ये हे अवघड नाही. घोरत असाल, मधेच श्वास अडकून जाग येत असेल, तर तेही सांगा. आणि तुमच्या थेंबांत टिमोलॉल असेल तर ते रात्री घालण्यापेक्षा सकाळी घालणं बरं, तेही थोडंफार बीपी आणि नाडी उतरवतं. दमा असेल तर ते अजिबात नको.

थेंब कशाला, प्रेशर तर नॉर्मलच आहे, असं घरात कुणी म्हणेलच. 1998 साली आलेल्या अमेरिकी अभ्यासात असल्याच रुग्णांचं प्रेशर 30 टक्क्यांनी खाली आणलं, तेव्हा आजार पुढे सरकण्याचं प्रमाण 35 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आलं. तुमच्या बाबतीत म्हणजे 15 वरून दहा-अकरापर्यंत. गार हातापायांसाठी मोजे घाला. काचबिंदू त्यावरून ठरत नाही, पण असल्या रुग्णांत ही तक्रार मी बरीच ऐकते.

प्रश्न : मी रोज सकाळी उठल्यावर तांब्याभर, जवळजवळ लिटरभर पाणी एका दमात पितो आणि मग शीर्षासन. आता काचबिंदूचे थेंब सुरू झाले आहेत. डोळ्याच्या डॉक्टरांनी आसन बंद करायला सांगितलं, योगवर्गातले म्हणतात त्यानं डोळ्यांना रक्तपुरवठा वाढतो. — वि. जो., ठाणे

उत्तर : डोळ्याच्या डॉक्टरांचं ऐका. चेन्नईत शीर्षासन करणाऱ्या 75 साधकांचं डोळ्याचं प्रेशर प्रत्यक्ष आसनात मोजलं गेलं. 2006 साली ते प्रसिद्ध झालं. प्रेशर दुप्पट झालेलं आढळलं. डोकं खाली गेलं की डोक्यातल्या आणि डोळ्याबाहेरच्या शिरा तुंबतात, डोळ्यातलं रक्त आणि पाणी दोन्हींची वाट अडते. रक्त ‘जास्त येतं’ हे अर्धंच खरं आहे, ते जातही नाही. निरोगी माणूस खाली उतरल्यावर सगळं पूर्ववत होतं, त्यामुळे योगवर्गातल्या बाकीच्यांना मी घाबरवणार नाही. तुमची नस आधीच जखमी आहे, तिच्यासाठी ही रोजची फेरी परवडणारी नाही. हलासन, उत्तानासन, विपरीत करणी, अधोमुख श्वानासन यांतही प्रेशर चढतं, शीर्षासनाएवढं नाही. बसून किंवा उभ्यानं करायची आसनं, संथ प्राणायाम, चालणं, हे सगळं चालू ठेवा. दम रोखून जोर लावायचे प्रकार टाळा.

आणि तो तांब्या. पाच मिनिटांत लिटरभर पाणी पाजून प्रेशर किती चढतं हे बघायची आमच्याकडे एक जुनी चाचणीच आहे. तुम्ही ती रोज सकाळी स्वतःवर करता आहात, वर त्यानंतर उलटे उभे राहता. पाणी प्या, पण घोटाघोटानं, तासाभरात.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या डाव्या डोळ्याची मुख्य शीर ब्लॉक झाली. पडदाभर रक्त पसरलं होतं. इंजेक्शनं दिली, नजर फारशी आली नाही. आता डॉक्टर दर महिन्याला प्रेशर बघायला बोलावतात. शेतीची कामं सोडून लातूरला जायचं, तेही नजर गेलेल्या डोळ्यासाठी? — एक वाचक, औसा

उत्तर : जा. किमान पहिले सहा महिने तरी चुकवू नका.

शीर आणि धमनी डोळ्याच्या मागे नसेतल्या एका अरुंद जाळीतून शेजारी शेजारी जातात. तिथे शिरेत गुठळी झाली की रक्त पडद्यात मागे साचतं. बीपी, मधुमेह ही कारणं माहीत असतात, पण डोळ्याचं वाढलेलं प्रेशर हेही एक कारण आहे. शीर आधीच जेमतेम उघडी राहते हे वर सांगितलंच. इथवर प्रेशर हे कारण. पुढे तेच परिणाम म्हणून येतं. उपाशी पडलेला पडदा नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा निरोप देणारं एक प्रथिन सोडतो. त्या नव्या वाहिन्या बाहुलीच्या कडेनं डोळ्याच्या कोनात शिरतात आणि पाण्याची चाळणी बंद करून टाकतात. प्रेशर 50 च्या घरात जातं, डोळा लाल होतो आणि इतका ठणकतो की माणूस डोळा काढून टाका म्हणतो. हे साधारण तीन महिन्यांच्या आसपास होतं, म्हणून जुने डॉक्टर त्याला शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणायचे. वेळेवर दिसलं तर इंजेक्शन आणि लेझरनं थांबवता येतं. नजर न येवो, डोळा न दुखता जागेवर राहणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजवा डोळा. त्याचं प्रेशर, त्याची नस, त्याचा कोन तपासला आहे का ते विचारा. डाव्याच्या गडबडीत उजव्याकडे कुणी बघत नाही, असं मी फार वेळा पाहिलंय. मधे डोळा लाल झाला तर मेडिकलमधून आपल्या मनानं थेंब आणू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्यानं प्रेशर चढू शकतं.

प्रश्न : मी दहावीत आहे. डोळ्याच्या कोपऱ्याकडून बोटानं दाबून ठेवलं तर आधी रंग दिसतात आणि मग कडेकडून काळं होत जातं. सोडलं की परत दिसतं. असं का होतं? — अ. पा., दापोली

उत्तर : पहिलं म्हणजे हा प्रयोग आजपासून बंद. जोरात दाबल्यानं पडद्याला इजा होऊ शकते, आणि काहींची नाडी इतकी मंदावते की चक्कर येते.

प्रश्न मात्र फार चांगला आहे. बोटानं तू डोळ्याचं प्रेशर वाढवतोस. ते रक्ताच्या जोराच्या वर गेलं की पडद्याला रक्त पोचत नाही. पडद्याकडे ऑक्सिजनचा साठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे काही सेकंदांत तो काम थांबवतो. काळं होणं कडेपासून सुरू होतं, कारण रक्तवाहिन्यांची शेवटची टोकं तिथे असतात. 1917 मध्ये फ्रान्सच्या पॉल बेयार यांनी याच तत्त्वावर उपकरण केलं. मोजून मापून डोळा दाबायचा, धमनी केव्हा मिटायला लागते ते बघायचं, आणि त्यावरून तिच्यातला दाब काढायचा.

लढाऊ विमानाचे वैमानिक जोरात वळण घेतात तेव्हा रक्त पायांकडे खेचलं जातं. त्यांना आधी करडं, मग काळं दिसतं, पण ते शुद्धीत असतात. मेंदूला रक्त पोचत असताना डोळ्याला का पोचू नये? कारण डोळ्यात शिरायला रक्ताला डोळ्याचं प्रेशर ओलांडावं लागतं, म्हणून नजर आधी जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संशोधकांनी वैमानिकांच्या डोळ्यावर घट्ट गॉगल बसवून त्यातली हवा खेचून घेतली, तेव्हा तेवढ्याच जोरातही त्यांना दिसत राहिलं.

न दाबता, नुसतं उठल्यावर किंवा खाली वाकल्यावर काही सेकंद असं काळं होत असेल तर मात्र आईबाबांना सांग आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तिथे ते तुझी बाहुली मोठी करून नसेवर सूज आहे का ते पाहतील. थेंबांमुळे चारेक तास वाचता येत नाही, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नकोस.